वर्णानुक्रम : आधी कोण, मागे कोण?

घोडपदेवच्या चाळींतून आणि गल्ल्यांतून मुले आमच्या वर्गात येतात. कुणाचे आजोबा गोदीत कामाला होते, कुणाचे गिरणीत. कुणी मूळचे कोकणातले, कुणी घाटावरचे, कुणी उत्तरेकडून आलेले. शाळा उर्दू माध्यमाची आहे, मराठी हा विषय शिकावाच लागतो आणि संगणकाच्या तासाला सगळा कारभार इंग्रजीतून चालतो. एका मुलाच्या दप्तरात तीन लिप्या रोज शेजारी शेजारी नांदतात. त्यांचे आपापसांत भांडण होत नाही, असे आम्हांलाही वाटत होते. एका साध्या सरावाने आमचा हा समज दूर केला.

संगणकाच्या तासाला आम्ही नववीच्या मुलांना प्रोग्राम लिहायला सांगितला होता. प्रश्न एका ओळीचा होता : दिलेली आडनावे वर्णानुक्रमे लावा. फळ्यावर आम्ही तीन आडनावे लिहिली. काझी, कासार, काळसेकर. ज्याला ज्या लिपीत हवे त्याने त्या लिपीत करावे, अशी मोकळीक दिली. यात काही अडचण येईल असे मनातही आले नाही.

इंग्रजीत लिहिणाऱ्यांचे उत्तर आले : काळसेकर, कासार, काझी. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एल, एस आणि झेड ही अक्षरे त्याच क्रमाने येतात, म्हणून हे बरोबर. देवनागरीत लिहिणाऱ्यांना संगणकाने सांगितले : काझी, काळसेकर, कासार. उर्दूत लिहिणाऱ्यांचे उत्तर निघाले : काझी, कासार, काळसेकर. काझी 'काफ' नव्हे, 'काफ'च्या आधी येणाऱ्या 'क़ाफ'ने सुरू होतो आणि पुढे 'सीन' हे 'लाम'च्या आधी आहे, म्हणून हेही बरोबर. इतक्यात मराठीत हुशार असलेली एक मुलगी उठून म्हणाली, "सर, मराठीवाल्यांचं उत्तर चुकलं. मराठीच्या पुस्तकात ळ हा ह नंतर येतो. कासार आधी पाहिजे." पुस्तक उघडून पाहिले तर तिचेच खरे होते. म्हणजे मराठी पाठ्यपुस्तकाचा क्रम आणि उर्दूचा क्रम एक झाला, मराठी संगणकाचा वेगळा पडला आणि इंग्रजीचा आणखी वेगळा. नावे तीनच होती. उत्तरे तीन निघाली आणि प्रत्येकाच्या पाठीशी काही ना काही आधार होता.

चूक कोणाची? मुलांची नव्हती, संगणकाचीही नव्हती. आमचा प्रश्नच अपुरा होता. 'वर्णानुक्रमे' म्हणजे कोणत्या वर्णमालेच्या आणि कोणत्या परंपरेच्या अनुक्रमे, हे आम्ही सांगितलेच नव्हते.

त्याच तासाच्या शेवटी आणखी एक गोष्ट घडली. संगणक थोडे आणि मुले फार, म्हणून पाळी हजेरीपटाप्रमाणे लागते. पट इंग्रजी नावांप्रमाणे लावलेला. एका मुलीचे नाव इंग्रजीत झेडने सुरू होते. तिची पाळी येण्याआधी नेहमीप्रमाणे घंटा झाली. वही बंद करता करता ती म्हणाली, "सर, मेरा नाम हमेशा आखिर में क्यूँ आता है?" तिचे नाव उर्दूत 'जे' या अक्षराने सुरू होते आणि उर्दू वर्णमालेत 'जे' मध्याच्याही अलीकडे आहे. देवनागरीत लिहिले तर ती 'ज'मध्ये, म्हणजे पटाच्या पहिल्या भागात बसते. ती शेवटी आहे ती केवळ इंग्रजीत. तिला काय उत्तर द्यावे हे आम्हांला त्या दिवशी सुचले नाही. हा लेख म्हणजे तेच उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

क्रम नेहमीच नव्हता

वर्णानुक्रम ही इतकी अंगवळणी पडलेली गोष्ट आहे की ती अक्षरांच्या जन्माबरोबरच आली असावी, असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती तशी नाही. अक्षरांचा क्रम मुखोद्गत असणे वेगळे आणि त्या क्रमाने शब्द किंवा माणसांची नावे लावणे वेगळे. दुसरी गोष्ट पुष्कळ उशिरा रूढ झाली.

आपल्याकडचा प्रसिद्ध अमरकोश वर्णानुक्रमे नाही. त्यात स्वर्ग, भूमी, वनस्पती, मनुष्य असे विषयांचे वर्ग आहेत. तो पाठ करायचा ग्रंथ होता. ज्याला पाठ आहे त्याला शोधायची गरज पडत नाही. शिवकाळात रघुनाथ नारायण हणमंते यांच्या पुढाकाराने राजव्यवहारकोश तयार झाला. दरबारी व्यवहारातल्या फार्सी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा हा कोश. त्याचीही मांडणी विषयवार, दहा वर्गांची आहे. दुर्ग, सैन्य, लेखन अशा खात्यांप्रमाणे शब्द बसवलेले. कारभाऱ्याला शब्द हवा असे तो खात्यासाठी, आणि खाते त्याला ठाऊक असे.

संस्कृतातही वर्णांचा क्रम एकच एक नव्हता. कंठापासून ओठांपर्यंत, क-वर्गापासून प-वर्गापर्यंत जाणारा क्रम आपण शाळेत शिकतो. पाणिनीय व्याकरणाच्या चौदा शिवसूत्रांचा क्रम मात्र निराळा आहे. तिथे य, व, र, ल हे क, प यांच्या आधी येतात आणि 'ह' तर दोनदा येतो. व्याकरणाचे नियम थोडक्यात सांगता यावेत म्हणून ती रचना केलेली आहे. काम बदलले, क्रम बदलला.

अरबी लिपीचा इतिहास तर याहून बोलका आहे. आपल्या घराघरांत ७८६ हा आकडा ठाऊक असतो. तो ज्या पद्धतीने निघतो ती 'अबजद' म्हणजे अरबी अक्षरांचा जुना क्रम होय. अलिफ, बे, जीम, दाल... या क्रमाने प्रत्येक अक्षराला एक ते हजारपर्यंत किंमत दिलेली आहे. जुन्या मशिदींवर आणि कबरींवर कोरलेल्या ओळींतून सालाचा आकडा काढतात तो याच हिशेबाने. त्या क्रमात 'जे' हे सातवे अक्षर आहे. आमच्या वर्गातल्या त्या मुलीचा पट अबजदने लावला असता तर ती पहिल्या बाकावर बसली असती!

पुढे दिसायला सारखी अक्षरे शेजारी बसवली गेली. बे, ते, से यांचा आकार एक, फरक नुक्त्यांचा. जीम, हे, खे यांचेही तसेच. शिकणाऱ्याला हे सोपे पडते. परंपरा या मांडणीचे श्रेय उमय्या काळातील विद्वान नस्र बिन आसिम यांना देते. आज मदरशात आणि उर्दू शाळेत मुले जी अलिफ-बे म्हणतात ती हीच. परंतु हा क्रमही सगळीकडे एकसारखा राहिला नाही. मोरोक्कोकडच्या मगरिबी परंपरेत काही अक्षरांची स्थाने वेगळी आहेत. लिपी तीच, कुरआन तोच, तरी अक्षरांची रांग निराळी.

कोशकारांनी तर आणखी वाटा काढल्या. आठव्या शतकात बसरा येथे खलील बिन अहमद यांनी 'किताब अल-ऐन' हा अरबीचा पहिला मोठा कोश रचला. त्यांनी अबजद घेतले नाही आणि अलिफ-बेही घेतली नाही. ध्वनी घशात कोठे उमटतो ते पाहून, सर्वांत खोलच्या 'ऐन'पासून सुरुवात करून ओठांपर्यंत ते आले. ग्रंथाचे नावच त्यावरून पडले. आपल्या देवनागरीची मांडणीही कंठापासून ओठांकडेच जाते. दोन्हींमध्ये देवाणघेवाण झाली की नाही यावर विद्वानांनी पुष्कळ तर्क केले आहेत, ते सिद्ध झालेले नाहीत. पण दोन वेगळ्या भाषांतील विचारी माणसांना उच्चाराच्या स्थानावरून क्रम लावावासा वाटला, एवढे तर उघड आहे.

दहाव्या शतकात जौहरी यांनी 'सिहाह' हा कोश शब्दाच्या धातूतील शेवटच्या अक्षराप्रमाणे लावला. तेराव्या शतकातील इब्न मंजूर यांच्या प्रचंड 'लिसान अल-अरब'नेही तीच वाट धरली. काफिया जुळवणाऱ्या कवीला ही रचना फार सोयीची! बाराव्या शतकात जमखशरी यांनी 'असास अल-बलागा'मध्ये पहिल्या अक्षरापासून क्रम लावला, म्हणजे आज आपण लावतो तसा. जहांगीर बादशहाच्या काळात १६०८ साली पूर्ण झालेल्या 'फरहंग-ए-जहांगिरी' या फार्सी कोशात शब्दाचे दुसरे अक्षर आधी पाहावे लागते. आणि १६५१ साली गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत, आपल्याच दख्खनच्या भूमीवर, मुहम्मद हुसेन तबरेजी यांनी 'बुरहान-ए-काते' रचला तो पहिले, मग दुसरे, मग तिसरे अक्षर अशा सरळ क्रमाने. पुढे मिर्झा गालिब यांनी या कोशातील अर्थांवर कडाडून टीका केली, पण शब्द शोधायला त्यांनाही तो क्रम उपयोगी पडला असणारच.

सांगायचे एवढेच की पहिले अक्षर पाहावे, शेवटचे पाहावे की दुसरे, हाही एकेकाळी प्रश्न होता. त्याची उत्तरे माणसांनी आपल्या गरजेप्रमाणे दिली.

औरंगाबादहून आलेला प्रश्न

उर्दूची अक्षरे किती? हा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत विचारला तर एकमत होत नाही, हा आमचा अनुभव आहे. अरबीच्या अक्षरांत फार्सीने पे, चे, झे, गाफ घातले. हिंदुस्थानच्या मातीत टे, डाल, ड़े आले. ही नवी अक्षरे आपापल्या आकाराच्या भावंडांशेजारी बसवली गेली. हमजा हे अक्षर मोजायचे की नाही, यावर वाद आहे. आणि सर्वांत मोठा वाद दोचश्मी हे चा.

भाई, फूल, थाळी या शब्दांतले भ, फ, थ हे ध्वनी उर्दूत दोन चिन्हांनी लिहितात. 'बे' आणि तिच्यापुढे दोचश्मी हे. मग 'भाई' हा शब्द कोशात कोठे ठेवायचा? जुन्या पद्धतीने तो 'बे'च्या पोटात, 'बहार'च्या आसपास आणि 'बयान'च्या आधी येतो. बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक यांची भूमिका वेगळी होती. भ, फ, थ हे स्वतंत्र ध्वनी आहेत, म्हणून ती स्वतंत्र अक्षरे मानावीत आणि 'बे'चे सगळे शब्द संपल्यावर 'भे'चा विभाग सुरू करावा. या हिशेबाने 'बयान' आधी आणि 'भाई' नंतर. पुढे कराचीच्या उर्दू डिक्शनरी बोर्डाच्या २२ खंडांच्या मोठ्या कोशाने हीच पद्धत स्वीकारली.

मौलवी साहेबांचे नाव येथे मुद्दाम घेतले. ते हापूडचे, पण त्यांच्या कामाची भर उमेद आपल्या मराठवाड्यात गेली. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे दफ्तर १९३८ साली दिल्लीला हलण्यापूर्वी सुमारे पाव शतक औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात होते. 'उर्दू' हे त्रैमासिक १९२१ पासून तेथूनच निघाले. मराठी भाषेवर फार्सीचा काय परिणाम झाला यावर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. मराठी बोलणाऱ्यांच्या शेजारात राहून उर्दूचा कोश करणाऱ्या या माणसाने भ, फ, थ यांना स्वतंत्र घर दिले, तेव्हा उर्दूचा क्रम देवनागरीच्या एक पाऊल जवळ आला. देवनागरीत ही अक्षरे पहिल्यापासून स्वतंत्रच होती. उर्दू आणि मराठी यांच्यात सदैव भिंत पाहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

मराठीचा हिशेबही सरळ नाही

मराठीत तरी सगळे ठरलेले आहे, असे कोणी समजू नये. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईत छापला गेला, दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. छापील कोश हातात आले आणि ज्याला पाठ नाही त्यालाही शब्द शोधण्याची सोय झाली. केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे पहिले पाच खंड विषयवार प्रस्तावनेचे आहेत आणि अकारविल्हे नोंदी सहाव्या खंडापासून सुरू होतात. जुनी आणि नवी अशा दोन्ही रीती एकाच ग्रंथात पाहायला मिळतात.

अनुस्वाराचे काय करायचे, हा मराठीचा पहिला घोळ. बाराखडीत अं आणि अः हे औ च्या पुढे येतात. त्या न्यायाने अनीसा, आयेशा आणि मग अंजुम असा क्रम लागेल. पण मराठी विश्वकोशाचा १९७६ सालचा पहिला खंड उघडा. तो 'अंक' या नोंदीने सुरू होतो. तेथे अनुस्वार सर्वांच्या आधी. त्या न्यायाने अंजुम पहिली! काही संस्कृत कोशांत तिसरी रीत आहे. अनुस्वाराच्या जागी पुढच्या अक्षराच्या वर्गातले अनुनासिक आहे असे धरतात आणि शब्द त्या जागी ठेवतात.

दुसरा घोळ शेवटच्या बाकावरच्या अक्षरांचा. मराठी वर्णमाला ह, ळ, क्ष, ज्ञ अशी संपते. हिंदी शिकलेले मूल ह नंतर क्ष, त्र, ज्ञ, श्र म्हणते. क्ष हे अक्षर स्वतंत्र की क आणि ष यांचे जोडाक्षर? स्वतंत्र मानले तर क्षीरसागर हे आडनाव पटाच्या अगदी तळाशी जाते. जोडाक्षर मानले तर ते 'क'मध्ये, खान आणि खोत यांच्या आधी बसते.

तिसरी गोष्ट नव्या स्वरांची. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत रीतसर जागा दिली. ॲ ही ए च्या पुढे आणि ऑ ही ओ च्या पुढे. बँक, बॅट, ऑफिस हे शब्द रोज बोलणाऱ्या समाजाला ते आवश्यकच होते. पण ज्यांनी त्याआधी वर्णमाला पाठ केली त्यांच्या रांगेत ही दोन अक्षरे नव्हती. क्रम हा असा चालता-बोलता असतो.

आणि हे केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. स्पॅनिश कोशांत 'च' आणि 'ल्ल' या ध्वनींची जोडअक्षरे स्वतंत्र विभागात लावत असत. १९९४ साली त्या भाषेच्या अकादमींनी एकत्र बसून ती रीत बंद केली. दोन टिंबांचा 'ओ' जर्मन माणूस साध्या 'ओ'बरोबर लावतो, स्वीडिश माणूस झेडच्याही पुढे नेतो.

यंत्राने काय केले

मग संगणक आला. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो आणि 'क्रमाने लाव' असे नुसते सांगितले की बहुतेक प्रोग्राम त्या क्रमांकांप्रमाणे लावून मोकळे होतात. म्हणजे ज्याने क्रमांक वाटले, त्याने नकळत रांगही ठरवली.

इंग्रजीपासून पाहू. १९६३ साली अमेरिकेत ठरलेल्या आस्की या पद्धतीत मोठी अक्षरे आधी आणि लहान अक्षरे नंतर आहेत. मोठ्या झेडचा क्रमांक ९०, लहान एचा ९७. मुलाने एक नाव मोठ्या अक्षराने आणि दुसरे लहान अक्षराने लिहिले तर झेडवाली मुलगी एवाल्या मुलाच्या आधी येते! आयबीएमने १९६४ साली आपल्या यंत्रांसाठी वेगळी पद्धत घेतली. तिच्यात लहान अक्षरे आधी आणि आकडे अक्षरांच्या नंतर. एकच यादी दोन यंत्रांवर दोन तऱ्हांनी लागत असे.

आपल्या लिप्यांसाठी १९९१ साली इस्की हे भारतीय मानक निश्चित झाले. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले हे काम पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेले. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्यांना एकाच साच्यात बसवायचे, म्हणजे एका लिपीतून दुसरीत सहज जाता यावे, हा त्यामागचा चांगला हेतू. त्या साच्यात ळ ला ल च्या शेजारी बसवले गेले. १९९१ सालीच निघालेल्या युनिकोडने इस्कीच्या आधीच्या आवृत्तीवरून देवनागरीचा हाच साचा घेतला. म्हणून आमच्या वर्गातला संगणक काळसेकरांना कासारांच्या आधी बसवतो. ॲ ला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ साली, आणि तोपर्यंत जागा उरली होती ती ह च्या कितीतरी पुढे. त्यामुळे वकिलांच्या नावामागचे 'ॲड.' सगळ्यांच्या शेवटी जाते. तीच ॲ जुन्या रीतीने, अ वर चंद्र देऊन टंकली तर दिसायला तशीच, पण बसते अ च्या घरात. डोळ्यांना एक दिसणारी दोन नावे यादीच्या दोन टोकांना!

उर्दूची गत याहून वाईट झाली. युनिकोडमध्ये आधी अरबीची अक्षरे बसवली गेली आणि फार्सी-उर्दूची अक्षरे मागाहून. पे, टे, चे, डाल, गाफ, इतकेच काय उर्दूचा काफ आणि उर्दूची छोटी हे व ये सुद्धा 'वाव'च्या पुढे गेली. म्हणून नुसत्या क्रमांकाने लावले तर वहीदा आधी आणि परवीन, चांद, कुलसूम या तिच्यानंतर येतात. पहिलीतले मूलही सांगेल की 'पे' ही 'बे'ची सख्खी शेजारीण आहे.

युनिकोडच्या कर्त्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. अक्षरांचे क्रमांक म्हणजे भाषेचा क्रम नव्हे, प्रत्येक भाषेसाठी क्रमाचे वेगळे नियम लावावे लागतात, हे त्यांनी स्वतंत्र नियमावलीत स्पष्ट लिहून ठेवले आहे. तसे नियम वापरण्याची साधनेही आहेत. पण ती मुद्दाम मागावी लागतात. मागितले नाही तर यंत्र आपल्या सवयीने चालते.

सवयीचे आणखी दोन नमुने वर्गातच सापडले. चाळीतल्या खोल्यांचे क्रमांक शब्द म्हणून लावले तर १ नंतर १०, मग ११ आणि मग २ येतो. आणि 'अब्दुल सत्तार' हे नाव 'अब्दुलगनी'च्या आधी येते, कारण यंत्राला रिकामी जागाही एक अक्षरच वाटते आणि तिचा क्रमांक सर्व अक्षरांच्या आधीचा आहे. जागा सोडून मोजले तर ग हा स च्या आधी.

नाव एक, जागा अनेक

आमच्या समाजाला या गोष्टीची झळ थोडी अधिक लागते, कारण आमची नावे एका लिपीतून दुसरीत सतत ये-जा करतात. समीना 'से'ने लिहितात, सलमा 'सीन'ने आणि साबिरा 'स्वाद'ने. देवनागरीत तिघी स च्या छताखाली एकत्र. उर्दूत मात्र समीना आणि सलमा यांच्यामध्ये जमीला, हिना, खदीजा, दिलशाद, रुखसाना, जैनब अशी सगळी रांग उभी असते. आसिया अलिफने, आयेशा ऐनने. तबस्सुम तेने, तारिक तोयने. जाकिर, जैनब, जिया, जफर या चार नावांची उर्दूतली पहिली अक्षरेही चार आहेत.

इंग्रजीत जाताना तर एकाच शेखचे तीन-चार शेख होतात. सय्यद आणि सैयद, मोहम्मद, मुहम्मद, महंमद आणि नुसता 'मो.' यांची जागा दर यादीत हलते. बाप एका ठिकाणी, मुलगा दुसऱ्या ठिकाणी. नाव शोधणारा कारकून एकदा पाहतो, सापडत नाही म्हणतो, आणि माणूस परत रांगेत उभा राहतो. यात दरवेळी कुणाचा वाईट हेतू असतोच असे नाही. पण क्रमाचा नियम कुणी लिहून ठेवलेला नसला की त्याचा भुर्दंड नेहमी रांगेतल्या माणसाला पडतो.

नियम लिहून ठेवता येतो, याचे चांगले उदाहरण आपल्या निवडणुकीच्या कायद्यात आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे उमेदवारांची यादी वर्णानुक्रमे लागते. १९९६ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त पक्षांचे, इतर नोंदणीकृत पक्षांचे आणि बाकीचे असे तीन गट करून प्रत्येक गटात वर्णानुक्रम पाळतात. पण कोणती वर्णमाला? १९६१ चे नियम सांगतात की यादी एकाहून अधिक भाषांत असेल तर निवडणूक आयोग सांगेल त्या एका भाषेच्या लिपीप्रमाणे क्रम लावावा. एक वाक्य आहे, पण त्यामुळे वादाला जागा राहत नाही. 'वर्णानुक्रमे' एवढे म्हणून भागत नाही, हे त्या नियमकर्त्यांना कळले होते. ते आम्हां शिक्षकांना कळायला एवढी वर्षे लागली.

घोडपदेव महानगरपालिकेच्या ई विभागात येते. ए पासून टी पर्यंत इंग्रजी अक्षरांनी ही मुंबई वाटलेली आहे आणि त्यात एच नंतर एकदम के येतो. आय आणि जे नाहीतच. लाखो लोक या अर्धवट वर्णमालेत सुखाने राहतात, कारण ती ठरलेली आहे आणि सर्वांना ठाऊक आहे. क्रम अमुकच असावा असे बंधन नाही. तो सर्वांना आधी ठाऊक असावा आणि त्यात एकच माणूस कायम मागे राहू नये, एवढेच मागणे आहे.

आता आम्ही तोच सराव पुन्हा देतो, पण फळ्यावर प्रश्नाखाली नियम लिहितो. लिपी कोणती. ळ, क्ष, ज्ञ कोठे धरायचे. अनुस्वार आधी की नंतर. दोचश्मी हे चे अक्षर वेगळे की नाही. मोठे-लहान इंग्रजी अक्षर सारखे मानायचे का. नावातली मोकळी जागा मोजायची का. नियम काय असावेत यावर मुलेच वाद घालतात. आम्ही पाहिले आहे की एकाच लिपीत वाढलेल्या माणसाला हे प्रश्न सहसा सुचत नाहीत. आमच्या मुलांना ते चटकन सुचतात, कारण ती रोज तीन रांगांत उभी राहतात. उर्दू की मराठी, या जुन्या वादात ज्याला आपण मुलांवरचे ओझे म्हणत आलो, ते या बाबतीत तरी त्यांचे भांडवल ठरले.

आणि संगणकाची पाळी? पट आहे तसाच इंग्रजीत आहे, तो बदलणे आमच्या हाती नाही. पण पाळी आता दर आठवड्याला वेगळ्या नावापासून सुरू होते. एका आठवड्यात अलिफ-बेने, पुढच्या आठवड्यात अ-आ-इने, त्यानंतर इंग्रजीने, आणि एकदा शेवटाकडून उलट. ज्या दिवशी उलट लावले, त्या दिवशी ती मुलगी पहिल्या यंत्रावर बसली. तिने पहिला प्रोग्राम कोणता लिहिला, हे सांगायला नकोच. वर्गाची नावे उर्दूच्या खऱ्या क्रमाने लावणारा. त्यात परवीन वहीदाच्या कितीतरी आधी, आपल्या योग्य जागी आली होती.